फ्लेक्सवर नसलेलं वाक्य

पाऊस, सोयाबीनचे भाव, कागदाचे दर… सरत्या वर्षावर लिहिण्यासारखं बरंच होतं. त्यातलं बरंचसं आतल्या पानांत आहे. मला वर्षभर छळलं ते एका फ्लेक्सनं.

एप्रिलमध्ये तो नागपूरच्या इंदोरा चौकात लागला होता. मधोमध नेत्याचा हसरा चेहरा, खाली कार्यकर्त्यांचे वीस-बावीस फोटो, कोपऱ्यात लिंबाएवढा रक्ताचा थेंब आणि शेजारी ओळ: ‘रक्ताला जात नसते, रक्तदान करा.’ दात्याला टिफिनचा डबा भेट.

त्याच आठवड्यात एका रक्तपेढीच्या खिडकीशी एक बाप तीन तास उभा असलेला पाहिला. मुलीला सिकलसेल, हिमोग्लोबिन पाच पॉइंटवर आलेलं. गट बी पॉझिटिव्ह, म्हणजे दुर्मीळ नव्हे. फ्रीजमध्ये पिशव्या होत्या, पण क्रॉसमॅच एकीशीही जुळेना. लहानपणापासून रक्त चढवून चढवून तिच्या शरीरात अँटिबॉडीज तयार झाल्या होत्या.

ए-बी-ओ आणि आरएचच्या पलीकडे तांबड्या पेशींवर केल, डफी, किड अशा कितीतरी खुणा असतात. त्या आईबापांकडून येतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्नं लावणाऱ्या आपल्या देशात प्रत्येक समाजात त्यांचं प्रमाण वेगळं राहिलं. अशा मुलीला जुळणारं रक्त तिच्याच समाजात सापडण्याची शक्यता म्हणूनच जास्त. विदर्भात सिकलसेलचा आजार बौद्ध आणि गोंड घरांत अधिक दिसतो. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. जरीपटक्यातल्या सिंधी घरांत थॅलेसेमिया आहे, त्या लेकरांनाही आयुष्यभर रक्त लागतं.

‘रक्ताला जात नसते’ हे माणुसकीचं वाक्य आहे, दीक्षाभूमीच्या शहरात ते मला शिरोधार्य आहे. पण त्या वाक्याआड जाहिरात एक गोष्ट सांगायची टाळते: तुमच्याच गल्लीतल्या पोरीला तुमचं रक्त हवंय. ब्रिटनमध्ये ‘आरओ’ हा रक्ताचा उपगट गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांत दहापट अधिक आढळतो. तिथली सरकारी रक्तसेवा त्यांना थेट, त्यांचं नाव घेऊन साद घालते. २०२२ मध्ये तर त्यासाठी ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटाची साथ घेतली.

आपल्याकडे समाजाचं नाव घेतलं की आजाराचा डाग लागतो, मुलीचं लग्न जमत नाही, ही भीती खरी आहे. म्हणून हे घरच्या माणसानंच बोलायला हवं. सिकलसेलच्या रुग्णांसाठी झटलेले आपले संपत रामटेके यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारखा चेहरा फ्लेक्सच्या मधोमध का नको? आणि त्याखाली हेही स्पष्ट असावं की आधी सिकलची तपासणी करून घ्या, कारण वाहकाचं रक्त या रुग्णांना देत नाहीत.

यंदा या दिवाळी अंकाचा विषय ‘शेजार’ आहे, आणि ती मुलगी आपली शेजारीणच. दिवाळीत कॉलेजं बंद, शिबिरं बंद, आणि तांबड्या पेशींची पिशवी फार तर ४२ दिवस टिकते. त्यामुळे मलपृष्ठाच्या आतलं पान आम्ही यंदा विकलं नाही. तिथे ‘तुमच्याच गल्लीतल्या पोरीला तुमचं रक्त हवंय’ हीच गोष्ट मराठीत आणि गोंडीत मोठ्या अक्षरांत छापली आहे. पान कापून घ्या आणि तुमच्या चौकातल्या पानठेल्यावर लावा.