५० मीटर रायफल : पदक आलं, पण हा खेळ वाढणार कसा?

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ मधल्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. पण स्वप्नीलचा खेळ, म्हणजे '५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स', आजही फार थोड्यांना माहीत आहे.

हा खेळ नेमका काय आहे?

.२२ बोअरच्या रायफलीनं ५० मीटरवर नेम धरायचा. आधी गुडघ्यावर बसून, मग पोटावर झोपून आणि शेवटी उभं राहून. लक्ष्याच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ असतं फक्त १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे साधारण शर्टाच्या बटणाएवढं.

खेळ आधीच बदललाय

टोकियो ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीत १२० गोळ्या होत्या, पॅरिसमध्ये ६० झाल्या. अंतिम फेरीत शेवटी एकेक खेळाडू बाद होत जातो, त्यामुळे चुरस टिकते. या बदलांची किंमतही आहे. दीर्घकाळ एकाग्र राहण्याची कसोटी कमी झाली. रिओनंतर पुरुषांचा ५० मीटर प्रोन प्रकार ऑलिंपिकमधून गेला. त्या वेळी वगळलेल्या तीन प्रकारांच्या जागी मिश्र सांघिक स्पर्धा आल्या. ऑलिंपिकमधलं स्थान कायमचं नसतं, हे यातून दिसलं.

बायथलॉनकडून काय शिकता येईल?

युरोपात बर्फावरच्या बायथलॉनला मोठी गर्दी होते. त्यातही .२२ रायफल आणि ५० मीटर अंतरच असतं. फरक इतकाच, की नेम लागला की काळी चकती पांढरी दिसते. बहुतेक शर्यतींमध्ये नेम चुकला, तर स्कीइंगची जादा फेरी मारावी लागते. निकाल प्रेक्षकाला डोळ्यांनी कळतो.

थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत मात्र १०.९ आणि १०.१ या आकड्यांवर सगळं ठरतं. म्हणून पडद्यावर गोळी कुठे लागली, कोण धोक्यात आहे आणि वाचण्यासाठी किती गुण हवेत, हे सोप्या भाषेत दिसायला हवं. रायफल किती हलतेय, हे सेन्सरमुळे रेषेच्या रूपात दाखवता येतं. सरावात वापरलं जाणारं हे तंत्र प्रेक्षकांपर्यंतही नेता येईल.

खरी अडचण दारातच

बघणारे वाढले, तरी खेळायचं कुठे? .२२ रायफलीला शस्त्रपरवाना लागतो. स्पर्धेच्या दर्जाच्या रायफली आणि काडतुसं बहुतांशी परदेशातून येतात. ५० मीटरची सुरक्षित रेंज उभारायला जागा आणि पैसा दोन्ही हवेत. पुण्याच्या बालेवाडीसारखी सोय प्रत्येक जिल्ह्यात नाही.

त्यामुळे वाट १० मीटरपासून सुरू व्हावी लागेल. स्पर्धेतल्या ४.५ मिलिमीटर एअर रायफलीला साधारणपणे परवाना लागत नाही आणि रेंज एखाद्या सभागृहातही बसते. त्याहून लहान मुलांसाठी लेझर आहे. मॉडर्न पेंटॅथलॉननं २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लेझर पिस्तूल आणलं. शाळेच्या वर्गातही असा सराव होऊ शकतो.

पुढची पायरी म्हणजे सामायिक साधनं. विभागीय केंद्रात क्लबच्या मालकीच्या रायफली, ठरावीक काडतुसं आणि प्रशिक्षक असतील, तर घरची परिस्थिती बेताची असलेला मुलगा किंवा मुलगी निदान आपल्यात हे कौशल्य आहे का, हे तपासू शकेल. गोळी न झाडता सेन्सरवर केलेल्या 'ड्राय' सरावामुळे काडतुसांचा खर्चही वाचतो.

पडद्यावरचे बदल जागतिक संघटनेच्या हातात आहेत. जिल्ह्यातली रेंज मात्र सरकार, शाळा आणि संघटनांनी इथेच उभारायची आहे. ती झाली नाही, तर स्वप्नीलला पाहून रायफल हातात घ्यावीशी वाटलेली मुलं मोबाईलवर व्हिडिओ बघूनच थांबतील.