हौदाच्या पाण्याचे मुद्दल आणि व्याज

श्रावकाच्या अंगणात पोहण्याचा हौद असावा काय, हा प्रश्न घरातील वडीलधारी मंडळी विचारतात आणि तो अस्थानी नाही. पाणी म्हणजे अप्कायिक जीवांचे शरीर, अशी आपली श्रद्धा आहे. पिण्याचे पाणीदेखील आपण गाळून घेतो. एका व्यापारी कुटुंबात हा प्रश्न असाच उभा राहिला. आजोबांच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यातील व्यायाम सुचविला आणि मुलांनी बंगल्यामागे हौद बांधण्याचे ठरविले. आजींनी एका अटीवर संमती दिली: एकदा भरलेले पाणी फेकून द्यायचे नाही.

हौद 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल, म्हणजे सुमारे 45,000 लिटर पाण्याचा. पहिल्याच उन्हाळ्यात पाणी दुधाळ झाले, कडेच्या फरश्यांवर पांढरा थर चढला, नातवंडांचे डोळे चुरचुरू लागले. देखभाल करणारा माणूस दर आठवड्याला दीड लिटर ॲसिड ओतत असे; पाण्याचा सामू 7.4 वर येई आणि चार-पाच दिवसांत पुन्हा 8.2 वर जाई. अखेर हौद रिकामा करून नव्याने भरावा, असा सल्ला त्याने दिला. मे महिना होता. गावात टँकर फिरत होते. 10,000 लिटरचे साडेचार टँकर भरतील एवढे पाणी गटारात सोडावे लागणार होते आणि आजींना दिलेला शब्दही मोडणार होता.

थोरल्या सूनबाई रसायनशास्त्राच्या पदवीधर. त्यांनी आठवडाभराची मुदत मागून घेतली आणि चाचणी संच आणविला.

सामू, म्हणजेच पीएच, हे पाण्याच्या आम्लपणाचे माप डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी 1909 मध्ये मांडले. हौदासाठी 7.2 ते 7.8 ही मर्यादा योग्य मानतात. सामू वाढला की क्लोरिनचे बळ घटते. 7.5 या सामूला क्लोरिनचा सुमारे निम्मा भाग जंतुनाशक रूपात असतो, 8.2 ला जेमतेम सहावा हिस्सा उरतो. मग अधिक ब्लीचिंग पावडर पडते, आणि ती स्वतःच अल्कधर्मी असल्याने सामूला वर जाण्यास हातभारच लावते.

परंतु सूनबाईंना हवा होता तो दुसरा आकडा, एकूण अल्कतेचा. अल्कता म्हणजे आम्ल पचविण्याची पाण्याची ताकद. ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येते. हौदात ती लिटरला 80 ते 120 मिलिग्रॅम पुरते. येथे ती 240 भरली आणि बोअरच्या पाण्यात 300. बायकार्बोनेट जास्त असले की पाण्यात कार्बन डायऑक्साइड अधिक राहतो. तो हवेत उडून जातो तसा सामू चढतो. पाणी जितके खळखळेल तितका तो लवकर उडतो, आणि या हौदावर शोभेचे कारंजे दिवसभर चालू असे.

व्यापाऱ्याच्या घरात हा हिशेब चटकन उमगला. सामू हे व्याज, अल्कता हे मुद्दल. आठवड्याचे दीड लिटर ॲसिड व्याज भागवीत होते. मुद्दलातून जेमतेम 16 फिटत होते. बाष्पीभवनाची तूट भरण्यासाठी आठवड्याला सुमारे 1,100 लिटर बोअरचे पाणी घातले जाई, ते 7 नवे कर्ज आणत होते. हौद उपसून त्याच बोअरने भरला असता, तर अल्कता 240 ऐवजी थेट 300 झाली असती!

तेव्हा मुद्दल फेडायचे ठरले. अल्कता 10 ने उतरविण्यास या हौदाला 30 टक्के तीव्रतेचे सुमारे 1 लिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड लागते. एक दिवसाआड तेवढेच, बादलीभर पाण्यात मिसळून, पंप चालू असताना घालायचे; नंतर कारंजे सुरू ठेवायचे, म्हणजे वायू उडून सामू आपोआप वर येतो आणि अल्कता मात्र खाली राहते. ज्या कारंज्याने घोटाळा केला, त्याच्याकडूनच वसुली झाली. सहा आठवडे आणि 20 लिटर ॲसिड लागले. तोवर हौदात कोणी उतरले नाही. अल्कता 80 वर स्थिरावल्यावर कारंजे बंद झाले. आता दोन-तीन आठवड्यांतून अर्धा लिटर पुरते.

या कामात एक धोका वेळीच ध्यानात आला. ॲसिडचे कॅन आणि ब्लीचिंग पावडर एकाच खोलीत शेजारी ठेवलेली होती. ती एकत्र आली तर विषारी क्लोरिन वायू निघतो आणि माणूस प्राणास मुकू शकतो. दोन्हींची जागा वेगळी झाली, देखभाल करणाऱ्या माणसाला हातमोजे व चष्मा मिळाला. ॲसिड पाण्यात घालावे, पाणी ॲसिडमध्ये कदापि नव्हे, हेही त्याला समजावले गेले.

आजींनी सर्व ऐकून विचारले, "जंतू मारण्यासाठीच हे सारे ना?" त्याला गोड उत्तर नव्हते. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णतः टळत नाही, परंतु निष्कारण पाणी सांडणे ही प्रमादचर्या आहे आणि अनर्थदंडविरमण व्रत तिलाच आवर घालावयास सांगते. आजींनी मग स्वतःच एक सूचना केली: आजोबांचा व्यायाम आटोपला की हौदावर आच्छादन घालावे, म्हणजे रात्री किडे-पतंग पाण्यात पडून मरणार नाहीत. त्या आच्छादनाने बाष्पीभवन घटले, बोअरचे पाणी कमी लागू लागले आणि वायूही कमी उडू लागला. पावसाळ्यात गच्चीचे पाणी गाळून हौदात घेण्याची सोय झाली. त्यात अल्कता नगण्य असते.

आता पाण्याची एक स्वतंत्र वही आहे. दर रविवारी तीत सामू, अल्कता आणि घातलेले ॲसिड यांची नोंद होते. दुसरा उन्हाळा गेला; आजोबा रोज सकाळी अर्धा तास पाण्यात चालतात, आणि हौदात पाणी तेच आहे.