काटा खरं सांगतो का?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की यवतमाळ जिल्ह्यातल्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. कोण कुठे जाणार आणि कशाने जाणार? शकुंतला बंद पडली ती पडलीच. वर्धा-नांदेड लाइनवर 2024 च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत गाडी सुरू झाली, पण नांदेड गाठायला रस्त्यानेच जावं लागतं. एसटी आहे, ट्रॅव्हल्स आहेत. तरी घरात वयस्कर माणसं, लहान लेकरं आणि औषधांची पिशवी असली की वाटतं, आपली गाडी असावी, हवं तिथे थांबता यावं. म्हणून आमच्या भागात जुन्या व्हॅनला अजून गिऱ्हाईक आहे. बजाज टेम्पो कंपनीचं नाव 2005 मध्ये फोर्स मोटर्स झालं, त्यांची मॅटाडोर बनणं तर त्याआधीच थांबलं. पण विदर्भात अशा कुठल्याही गाडीला लोक आजही ‘मॅटाडोर’च म्हणतात, मग कंपनी कोणतीही असो.

अशीच एक पंचवीस वर्षांची डिझेल व्हॅन भाईजानांनी दोन वर्षांपूर्वी घेतली. पहिल्या मालकाने रीतसर परवानगी काढून आत दोन बाकांचे पलंग, पाण्याची टाकी आणि छोटा फ्रिज बसवला होता, आरसीवर तशी नोंदही होती. गाडी चालायची छान. डॅशबोर्डवरचा पाण्याचा काटा कायम मधोमध असायचा.

मागच्या मे महिन्यात नांदेडहून परत येताना महागावच्या पुढे बॉनेटमधून वाफ निघाली. दुपारचे दोन वाजले होते, आत अम्मी आणि तीन मुलं. काटा तेव्हाही मधोमधच होता. हेड गॅस्केट उडालं. गाडी दोरीने ओढत आर्णीपर्यंत आणली, आणि पुढे बिल आलं ते आलं. पण गॅरेजमध्ये डॅशबोर्ड उघडल्यावर मिस्त्रींनी जे दाखवलं ते आम्हाला बिलापेक्षा जास्त लागलं. इंजिनावरच्या सेन्सरची वायर कधीचीच तुटलेली होती, आणि मीटरच्या मागे कोणीतरी एक पक्का रेझिस्टर टाकून ठेवला होता. चावी फिरवली की काटा बरोबर मध्यावर यायचा आणि तिथेच राहायचा. कोणी केलं, कधी केलं, कळायला मार्ग नाही. थर्मोस्टॅटही काढून टाकलेला. आपल्याकडे ‘गरम प्रदेशात थर्मोस्टॅट कशाला’ म्हणून तो सर्रास काढतात, आणि मग हिवाळ्यात इंजिन धड गरमच होत नाही.

मेलेला काटा शून्यावर पडून राहतो. ड्रायव्हरला निदान कळतं की हा बंद आहे, आपण अधूनमधून उतरून पाहिलं पाहिजे. खोटं सांगणारा काटा माणसाला निश्चिंत करतो. म्हणून नवा डॅशबोर्ड करायचं ठरलं तेव्हा आम्ही घरात एकच अट घातली : जो काटा बसेल, तो आधी तपासून घेतलेला असेल.

पुतण्या पॉलिटेक्निकला आहे. त्याचा आग्रह मोठ्या रंगीत स्क्रीनचा होता, सगळं एकाच ठिकाणी. भाईजानांना जुने गोल काटे हवे होते. आम्ही भाईजानांच्या बाजूने झुकलो, त्याला कारण यवतमाळचं ऊन. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीत काचेखालच्या डॅशबोर्डला हात लावता येत नाही. त्या उष्णतेत स्वस्त स्क्रीन काळवंडते आणि भर उन्हात तिच्यावरचं काही वाचता येत नाही. काटा मात्र डोळ्याच्या कोपऱ्यातूनही दिसतो. आकडा वाचावा लागतो, काटा नुसता कुठे आहे हे पाहिलं तरी पुरतं. शेवटी इंजिनाचे तीन मीटर काट्याचे ठेवले : पाणी, तेलाचा दाब, बॅटरी. डिझेलचा जुनाच राहिला. राहण्याच्या भागाचं सगळं पुतण्याच्या छोट्या स्क्रीनवर गेलं.

आता पाण्याच्या काट्याबद्दल जरा सविस्तर, कारण अनेकांच्या गाडीत बिघाड इथेच असतो. इंजिनावर पितळी सेन्सर असतो. पाणी गरम झालं की त्याचा रोध कमी होतो, म्हणून वायरीतून जास्त धारा जाते आणि काटा वर चढतो. नववीच्या पुस्तकातला ओहमचा नियम, दुसरं काही नाही. आम्ही नवा सेन्सर घरी आणून स्वयंपाकघरात तपासला. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला सेन्सर आणि शेजारी प्रयोगशाळेतला तापमापी. चाळीस अंशांना रोध 290 ओहमच्या आसपास आला, नव्वदला पन्नासच्या जवळ, उकळताना चाळीसच्या खाली. यवतमाळ समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी शंभराला नाही, साडेअठ्ठ्याण्णवच्या सुमारास उकळतं. पुतण्याला हे पुस्तकात माहीत होतं, पातेल्यात पाहिल्यावर पटलं. भाभींनी मात्र ते पातेलं स्वयंपाकघरात परत घेतलं नाही.

मग सेन्सर आणि मीटर जोडून, बॅटरी लावून, तोच प्रयोग पुन्हा केला आणि काचेवर बारीक खुणा केल्या. ऐंशी-नव्वद म्हणजे ठीक. शंभरला खूण, एकशे पाचला लाल खूण आणि बझर. इथे कोणी विचारेल, शंभरला पाणी उकळत नाही का? रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, त्यामुळे आत पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. म्हणून गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. दाब सुटला की ते पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. नवा थर्मोस्टॅटही बसवला.

सेन्सर बसवताना मिस्त्रींनी एक गोष्ट सांगितली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. “सर, ह्याला पांढरी टेप नका गुंडाळू. एका वायरीचा सेन्सर आहे, अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच मिळते.” नळाला लावतात ती टेप आट्यांवर बसली की संपर्क तुटू शकतो आणि काटा कमी तापमान दाखवतो. म्हणजे पुन्हा खोटं. याच अर्थिंगपायी जुन्या गाड्यांत आणखी एक प्रकार दिसतो : हेडलाइट लावले की सगळे काटे एकदम हलतात. अशा वेळी मीटर बदलत बसू नये, डॅशबोर्डपासून चेसिसपर्यंत जाड काळी वायर नव्याने ओढावी. आमच्याकडे अर्धे आजार त्यानेच गेले.

तेलाच्या दाबाचं गणित उलटं आहे. आमच्या सेन्सरमध्ये दाब वाढला की रोधही वाढतो, दहा ओहमपासून 180 पर्यंत. म्हणून मीटर आणि सेन्सर जोडीनेच घ्यावेत. भंगारातून मीटर एकाचं आणि सेन्सर दुसऱ्याचं आणलं तर काटा हलतो छान, सांगतो भलतंच. इंजिन गरम असताना आयडलिंगला एक बारच्या आसपास, म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेत चौदा-पंधरा पाउंड, दाब दिसला तर काळजी नाही. चालत्या गाडीत तो तीन-चार बारपर्यंत जातो. तो अचानक शून्याकडे गेला तर पेट्रोल पंप शोधत पुढे जायचं नाही, गाडी बाजूला घेऊन तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं.

जुना अँपिअरचा मीटर आम्ही काढून टाकला. त्याच्यातून गाडीची जवळजवळ सगळी धारा डॅशबोर्डच्या आत येते, आणि पंचवीस वर्षांची सैल जोडणी तापली तर आग लागायला तेवढं पुरतं. त्याच्या जागी व्होल्टमीटर आला. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसलं म्हणजे डायनॅमो नीट चार्ज करतोय.

राहण्याच्या भागाची बॅटरी वेगळी आहे, आणि आमच्या दृष्टीने तिचा आकडा इंजिनाइतकाच महत्त्वाचा आहे. अम्मींचं इन्सुलिन त्या छोट्या फ्रिजमध्ये असतं. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं. ते गोठलं तरी फुकट, आणि चव्वेचाळीस अंशांच्या गाडीत राहिलं तरी फुकट. बिघडलेलं इन्सुलिन नेहमी दिसण्यावरून ओळखू येतंच असं नाही. म्हणून पुतण्याने फ्रिजमध्ये, बाटल्यांच्या शेजारीच, तापमानाचा सेन्सर ठेवला. तो बर्फ-पाण्याच्या मिश्रणात धरून पाहिला, शून्याला अर्धा अंश जास्त दाखवत होता, तेवढा प्रोग्रॅममध्ये वजा केला. दोनच्या खाली किंवा आठच्या वर गेला की बझर वाजतो. बॅटरी 12.2 व्होल्टवर आली म्हणजे साधारण अर्धी संपली. तिथे इंजिन चालू करून चार्जिंग द्यायचं.

हे सगळं अर्दुइनो नावाच्या छोट्या बोर्डावर चालतं, तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवला. बोर्डाला पाच व्होल्टच चालतात, म्हणून बॅटरीचं विभवांतर 30 हजार आणि 10 हजार ओहमच्या दोन रोधांत विभागून पाव केलं. 14.4 चे 3.6 होतात. गाडीच्या वायरिंगमध्ये अधूनमधून झटके येतात, त्यामुळे फ्यूज आणि झटका शोषणारा डायोड घातल्याशिवाय बोर्ड जोडू दिला नाही.

पाटी तीन मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमची, त्यात 52 मिलिमीटरची भोकं. अक्षरं चौकातल्या रेडियमवाल्याकडून कापून घेतली, मराठीत आणि उर्दूत, कारण पुढच्या सीटवर बहुतेक वेळा अम्मी बसतात. ‘पाणी’ दोन्हींत पाणीच. आता लाल खुणेवर भाईजानांच्या आधी त्यांचीच नजर असते. या एप्रिलमध्ये वर्ध्याहून येताना चढावर काटा अठ्ठ्याण्णवला गेला तेव्हा “बेटा, पानी चढ रहा है” असं त्यांनीच सांगितलं. गाडी सावलीला लावली, इंजिन हळू चालू ठेवलं, दहा मिनिटांत काटा नव्वदच्या खाली आला. फॅनचा पट्टा सैल निघाला.

स्पीडोमीटरला आम्ही हात लावला नाही. तो चालू असणं नियमाने बंधनकारक आहे आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करताना फिटनेसमध्ये तो पाहतात. मीटर बदलणं वेगळं, आणि आसनं काढणं किंवा इंजिन बदलणं वेगळं. त्या बदलांना आरटीओची परवानगी लागते. परवानगी नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असं आमचं मत आहे.

गाडीत गॅस शेगडी असेल तर गॅसचा अलार्म डॅशबोर्डवर लावू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो फरशीलगत साचतो, म्हणून अलार्मही फरशीपासून वीतभर उंचीवर हवा. आमचा शेगडीच्या खालच्या फळीवर आहे.

डिझेलचा जुना काटा पाव टाकीपर्यंत बरोबर दाखवतो आणि त्याखाली मनाला येईल ते. टाकीतला फ्लोट बदलायचा आहे, त्यासाठी टाकी उतरवावी लागेल. तोवर काट्यावर चिठ्ठी चिकटवली आहे आणि भाभी दर वेळी पंपावर किलोमीटर वहीत लिहितात.