वाळवंटातील साडेतेरा तास

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुटीत राजस्थानच्या सहलीला निघणाऱ्या शाळा आता आपल्याकडे पुष्कळ झाल्या आहेत. जयपूर, जोधपूर, जैसलमेर आणि शेवटी ‘वाळवंटात एक रात्र’ असा या सहलींचा ठरलेला मार्ग असतो. तुमच्या शाळेची सहल यंदा तिकडे जाणार असेल, तर त्या शेवटच्या रात्रीवरून मला तुमच्याशी आणि तुमच्या शिक्षकांशी थोडे भांडायचे आहे.

कार्यक्रमपत्रिका साधारणपणे अशी असते. दुपारी जैसलमेरहून निघून सुमारे ४० किलोमीटरवरील सम गावी पोचायचे. उंटावरून फेरी, वाळूच्या टेकडीवरून सूर्यास्त, चहा, नाच, शेकोटी, ध्वनिवर्धकावर गाणी, जेवण आणि तंबूत झोप. सकाळी न्याहारी आटोपून परत. आता हिशेब पाहा. डिसेंबरच्या अखेरीस जैसलमेरला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी साडेसाताच्या सुमारास उगवतो. म्हणजे रात्र साडेतेरा तासांची झाली. त्यांतील तीन-चार तास दिव्यांच्या लखलखाटात जातात आणि उरलेले रजईत. घरी आल्यावर आपण सांगतो, “आम्ही वाळवंटात राहून आलो.” राहून आलो हे खरे, पण पाहिले काय? मला विचाराल तर एक सूर्यास्त आणि पुष्कळ दिवे.

वाळवंट समजून घ्यायचे असेल तर त्याची रात्रच जागून पाहिली पाहिजे, असे माझे मत आहे. ते का, हे सांगतो.

“वाळू लवकर तापते व लवकर थंड होते,” हे वाक्य तुम्ही भूगोलाच्या उत्तरपत्रिकेत लिहिले असेल आणि त्याला गुणही मिळाले असतील. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. दिवसभर तापलेली जमीन रात्री अवरक्त प्रारणाच्या रूपाने उष्णता बाहेर टाकत असते. हे तुमच्या अंगणातही घडते. परंतु कोकणासारख्या दमट प्रदेशात हवेतील बाष्प आणि ढग यांतील बरेचसे प्रारण शोषून घेतात व त्याचा काही भाग जमिनीकडे परत पाठवतात. अंगावर गोधडी असावी तसे हे झाले. जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरांहूनही कमी पाऊस पडतो आणि हिवाळ्यात हवा कोरडी व आकाश निरभ्र असते. गोधडी अगदीच विरळ, तेव्हा उष्णता सरळ अवकाशाची वाट धरते.

आणि वाळूचे काय? वाळूच्या कणांमध्ये हवा अडकलेली असल्यामुळे कोरडी वाळू उष्णतेची मंद वाहक असते. दिवसाची उष्णता फार खोल जातच नाही. वरच्यावर साठते आणि वरच्यावरच खर्च होते. रात्री खालून मदत येत नाही. याचा पडताळा तुम्ही स्वतः घेऊ शकता. शाळेतील तीन तापमापक बरोबर न्या. एक वाळूच्या पृष्ठभागावर, दुसरा १० सेंटिमीटर खोल आणि तिसरा वीतभर, म्हणजे २५ सेंटिमीटरांच्या आसपास खोल ठेवा. (काचेचा तापमापक वाळूत खुपसू नका. आधी काठीने भोक पाडा.) दर तासाला नोंद करा. पृष्ठभागाच्या तापमानात दिवस-रात्रीत ३० अंशांचा फरक पडला असे धरले, तर १० सेंटिमीटरांवर तो आठ-नऊ अंशांचा असेल आणि वीतभर खाली जेमतेम एक-दीड अंशाचा.

पण खरी मौज पुढेच आहे. उष्णतेची लाट वाळूतून इतकी सावकाश उतरते की १० सेंटिमीटरांवर वाळू सर्वांत गरम होते ती दुपारी नव्हे, दिवेलागणीला. वीतभर खाली तर ‘दुपार’ मध्यरात्रीनंतर होते! वर तुम्ही कुडकुडत असता आणि पायाखाली वीतभर अंतरावर कालची दुपार नुकती पोचलेली असते. हे आकडे कोरड्या वाळूसाठी ढोबळमानाने काढलेले आहेत. तुमचे थोडे निराळे येतील. यावेत. ते का आले, यावर परतीच्या गाडीत वाद घालता येईल, आणि तो वाद भेंड्यांपेक्षा कमी रंगणार नाही.

वाळवंटातील उंदीर आणि खोकड बिळे करून का राहतात, हे या तीन तापमापकांवरून कळते. उन्हाळ्यात वर भाजत असताना आणि हिवाळ्यात गारठा असताना बिळात हवामान जवळजवळ एकसारखे असते. रात्री बाहेर पडलेल्या प्राण्यांची हजेरी पहाटे वाळूवर उमटलेली सापडते. सूर्य उगवता उगवता, तिरप्या उन्हात, फोगाच्या झुडपांभोवती पाहा. किड्यांच्या पायांच्या टिंबांच्या बारीक माळा, उंदराच्या उड्या, खोकडाचा एका ओळीत पडलेला माग. तासाभरात उंट आणि माणसे त्या पाटीवर पाय देऊन सारे पुसून टाकतात. न्याहारीनंतर निघालेल्याला फक्त बुटांचे ठसे दिसतात.

ज्या उंटावर तुम्ही संध्याकाळी बसलात त्याचीही एक गोष्ट रात्रीशीच निगडित आहे. त्याच्या मदारीत पाणी नसून चरबी असते, हे तुम्हांला ठाऊक असेल. क्नूट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात सहारा वाळवंटात उंटांवर प्रयोग केले. उन्हाळ्यात पाणी न मिळालेल्या उंटाचे शरीर पहाटे सुमारे ३४ अंशांपर्यंत निवते व दुपारी ४० अंशांपर्यंत चढते, असे त्याला आढळले. आपल्याला इतका ताप चढला तर डॉक्टरांना बोलवावे लागेल. उंट मात्र दिवसा घाम गाळून ती उष्णता घालवत बसत नाही. अंगात साठवतो आणि थंड रात्री फुकट सोडून देतो. ५०० किलोग्रॅम वजनाचा उंट ६ अंशांनी तापला आणि त्याच्या शरीराची विशिष्ट उष्णता ०.८ धरली, तर साठलेली उष्णता २,४०० किलोकॅलरी होते. एक लिटर घाम सुकण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. म्हणजे दिवसाला चार लिटरांहून अधिक पाणी वाचले! याच थरच्या वाळवंटात फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. असल्या ठिकाणी चार लिटर पाणी म्हणजे काय, ते सांगायला नको.

आता ध्वनिवर्धकाविषयी, कारण माझ्या भांडणाचे मूळ तिथे आहे. दिवसा जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते, त्यामुळे ध्वनिलहरी वर वळतात आणि आवाज लवकर विरतो. वाळवंटातील शांत रात्री उलटे होते. जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड होते, वरची त्यामानाने उबदार राहते. ध्वनिलहरी आता खाली, जमिनीकडे वळतात आणि दूरवर जातात. म्हणजे जो कर्णा दिवसा एका टेकडीपलीकडे ऐकू येणार नाही, तो रात्री कुठल्या कुठे ऐकू जातो. सम आणि खुडी ही दोन्ही मुक्कामाची गावे मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत. ३,१६२ चौरस किलोमीटरांचे हे उद्यान १९८० साली घोषित झाले. एकेकाळी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर दिसणारा आपला माळढोक पक्षी आता मुख्यतः याच भागात उरला आहे, तोही दीडशेच्या आतबाहेर. समला २०१९ पासून त्याची पैदास करण्याचे केंद्र चालू आहे. माळढोकाला सर्वांत मोठा धोका विजेच्या तारांचा आहे, गाण्यांचा नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ज्याच्यासाठी एवढी खटपट चालली आहे, त्याच्या शेजारी आपण रात्री अकरापर्यंत चित्रपटातील गाणी वाजवावीत काय?

यावर शिक्षक म्हणतील, मुलांना करमणूक हवीच. हवी, ती बंद करा असे मी म्हणत नाही. त्या भागातील मांगणियार गायकांच्या पिढ्यान् पिढ्या गाण्यात गेल्या आहेत, आणि अशा मुक्कामांवर त्यांपैकी अनेकांची चूल पेटते. त्यांना अवश्य ऐका. मात्र कमायचा आणि खडताल ही वाद्ये कर्ण्यासाठी जन्मलेली नाहीत. चाळीस मुलांनी गोल बसून ऐकले तर शेवटच्या मुलालाही तार ऐकू येते. गाणे झाल्यावर त्यांनाच विचारा, तुमच्या गावात पिण्याचे पाणी कुठून येते? टांका कोण साफ करते? वाळवंट रिकामे असते ही आपली आणखी एक समजूत. २०११ च्या जनगणनेत एकट्या जैसलमेर जिल्ह्याची लोकसंख्या पावणेसात लाखांच्या घरात होती. आपण तंबूत सकाळी बादलीभर गरम पाणी अंगावर ओततो, ते त्यांच्याच वाट्याचे असते.

गाणे संपले की सारे दिवे बंद करायला सांगा. संयोजक कुरकुरतील, आधीच बोलून ठेवावे. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मोबाईलच्या पडद्याकडे एकदा पाहिले की ती सारी कमाई जाते. विजेरीवर तांबडा जिलेटीन कागद बांधा. तांबड्या उजेडाने अंधारात पाहणाऱ्या पेशी फारशा दिपत नाहीत. मग कोनमापक, दोरा आणि छोटे वजन घेऊन ओळंबा तयार करा व ध्रुवताऱ्याची उंची मोजा. जैसलमेरला ती सुमारे २७ अंश भरेल. निघण्यापूर्वी हीच उंची पुण्यात मोजली असेल तर ती साडेअठरा अंश असेल. मध्यरात्री दक्षिणेकडे वळा. पुण्यात क्षितिजापासून १९ अंश चढणारा अगस्त्य इथे जेमतेम १० अंशांवर दिसतो. उत्तरेचा तारा वर गेला, दक्षिणेचा खाली आला, दोन्ही जवळजवळ सारख्याच अंशांनी! नकाशावर पुणे व जैसलमेर यांमधील केवळ उत्तर-दक्षिण अंतर मोजा. ते ९३० किलोमीटरांच्या आसपास येईल. फरक ८.४ अंश धरला, तर ९३० ला ३६० ने गुणून ८.४ ने भागायचे: पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. मोजण्यात एका अंशाची चूक झाली तर उत्तर ३६ हजारांपासून ४५ हजारांपर्यंत कुठेही जाईल, म्हणून प्रत्येकाने मोजून सरासरी काढावी. दुसऱ्या दिवशी तोच कोनमापक टेकडीच्या आडोशाकडील, वाळू घसरणाऱ्या उतरणीला लावा. कोन ३४ अंशांच्या जवळपास येईल. कोणत्याही टेकडीला लावा, तिथेच घोटाळेल.

व्यवस्थेचे थोडक्यात सांगतो. चार-चार मुलांच्या तुकड्या करून प्रत्येकीला तासाभराचा पहारा द्यावा, बरोबर एक शिक्षक असावा. कोणीही एकटे तंबूपासून दूर जाऊ नये. बूट झटकल्याशिवाय घालू नयेत, कारण विंचू आणि फुरसे या दोघांचेही ते घर आहे. थंडीत त्यांची वर्दळ कमी असली तरी झटकायला पैसे पडत नाहीत. लोकरीचे कपडे हवेत, आणि टेकडीपायथ्याच्या खळग्यात ते अधिक हवेत. वारा पडला की थंड, जड हवा तिथे उतरून साठते. माथ्यावर एक आणि खळग्यात एक तापमापक सारख्या उंचीवर टांगून हेही तपासता येईल.

राहता राहिली सहलीची तारीख. या मुक्कामांना सर्वांत अधिक मागणी पौर्णिमेच्या रात्रीला असते, आणि चांदण्यात वाळू सुंदर दिसते यात शंका नाही. पण तारे पाहायचे तर अमावास्येच्या आसपासची रात्र हवी. त्या दिवसांत जागाही सहज मिळावी. मुख्याध्यापकांना आणि आजीला अमावास्येची सहल पटवून देणे मात्र मी तुमच्यावर सोपवतो.