रुग्णालयात सगळं मिळतं, झोप सोडून

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत आजारी माणसाचा डोळा लागला की सगळं घर दबक्या पावलांनी चालतं. कुकर लावायचा थांबतो, नातवंडांना गच्चीवर पिटाळलं जातं. तोच माणूस रुग्णालयात गेला की त्याला रात्रीतून सहा-सात वेळा उठवतात, आणि आपण ते उपचार म्हणून मुकाट्याने मान्य करतो. मला हे मान्य नाही. झोप ही सोय नाही, तो उपचाराचाच भाग आहे. कारण नसताना ती मोडणं हा निष्काळजीपणा आहे, आणि त्याला तसंच म्हटलं पाहिजे.

मी ३६ वर्षं बँकेत काढली. नोंद नाही तर व्यवहार नाही, ही आमची शिकवण. गेल्या वर्षी सौ. घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, एका मोठ्या खासगी रुग्णालयात ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्रीची माझ्या डायरीतली नोंद देतो. ११.१० बीपी. १२.३० शेजारच्या पलंगाचा सलाइन पंप वाजू लागला, नऊ मिनिटं कोणी फिरकलं नाही. १.४० झोपेची गोळी घेतली का, हे विचारायला उठवलं! ३.०० पुन्हा बीपी. ४.४५ रक्त काढलं. ५.१५ स्पंजिंग. ५.४० फरशी पुसायला बादली आली. ट्यूबलाइट रात्रभर चालू. सलग दोन तास झोप एकदाही नाही.

पहाटे पावणेपाचला रक्त कशासाठी? सिस्टरला विचारलं तर म्हणाली, ‘अंकलजी, राउंड से पहले रिपोर्ट चाहिए.’ म्हणजे साहेबांचा राउंड नऊला, म्हणून पेशंटची रात्र पावणेपाचला संपली. तिचा बिचारीचा दोष नाही. तिला वेळापत्रक वरून येतं.

चौथ्या रात्री सौ. मला ओळखेना. ग्वाल्हेरच्या माहेरच्या वाड्यात आहोत असं समजून आईला हाका मारू लागली. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली. सलाइनची नळी ओढून काढली. सांगितलं गेलं, ‘वयामुळे होतं.’ अहो, वय काय त्या चार दिवसांतच वाढलं? याला डेलिरियम म्हणतात. आपल्या आजीच्या पिढीत ‘वात झालाय’ म्हणायचे. ऑपरेशन, वेदना, जंतुसंसर्ग, औषधं, कशानेही तो होऊ शकतो. एकट्या जागरणाने झाला असा माझा दावा नाही. पण मोडलेली झोप त्यात भर घालते, आणि इतर कारणांच्या मानाने ती सांभाळणं सगळ्यात स्वस्त आहे. वरून शांत राहावी म्हणून इंजेक्शन दिलं. गुंगी म्हणजे झोप नव्हे. म्हाताऱ्या माणसांत झोपेच्या अनेक औषधांनी उलट गोंधळ वाढतो, पडण्याचा धोकाही वाढतो.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात आवाजावर वेगळं प्रकरण लिहिलं आणि रुग्णाला पहिल्या झोपेतून उठवू नका असं बजावलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वॉर्डातल्या रात्रीच्या आवाजासाठी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली. अतिदक्षता विभागासाठीच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत झोपेला वेगळी जागा आहे. आवाज आणि उजेड कमी करा, कानात बोळे आणि डोळ्यांवर पट्टी द्या, असं त्या सुचवतात. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, तिथे रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४० डेसिबल. म्हणजे फाटकाबाहेरच्या भोंग्यावर कायद्याने बोट ठेवलं. फाटकाच्या आत आपटणाऱ्या ट्रॉलीला विचारणारं कोणी नाही.

उत्तर तयार असतं: पेशंट गंभीर असतात, स्टाफ कमी असतो. गंभीर रुग्णाला दर तासाला तपासा, जरूर तपासा. पण स्थिर झालेल्यालाही तीच पट्टी का? बँकेत लाखाच्या आणि शंभराच्या व्हाउचरला एकच सही चालत नाही. आणि स्टाफ कमी असेल तर विनाकारण उठवणं बंद केल्याने त्यांचंच काम हलकं होईल. दिवा मालवायला माणसं वाढवावी लागत नाहीत.

आपणही काही साधे नाही. अकरा वाजता वॉर्डात स्पीकरवर व्हिडिओ कॉल, आठ-आठ जणांचा घोळका, ‘झोपलात का काका?’ म्हणून हलवून उठवणं. हे आपलेच लोक करतात. भेटायला जाणं म्हणजे हजेरी लावणं नव्हे.

यापुढे घरचं कोणी दाखल झालं तर डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारा. रात्री ११ ते ५ उठवणं खरंच गरजेचं आहे का? औषधांच्या वेळा एकत्र करता येतील का? रक्त सहानंतर घेता येईल का? दिवा मंद होईल का? दिवसा खिडकीचा पडदा उघडा ठेवा, म्हणजे शरीराला दिवस-रात्र कळेल. चष्मा आणि कानाचं यंत्र पलंगाजवळ ठेवा, कारण न दिसण्या-ऐकण्यानेही गोंधळ वाढतो. आणि डिस्चार्जच्या वेळी अभिप्रायाचा कागद देतात ना, त्यावर जेवणाला किती गुण ते नंतर लिहा. आधी लिहा: झोप मिळाली नाही. शंभर घरांनी लिहिलं तर व्यवस्थापनाला वाचावंच लागेल. बिलात प्रत्येक हातमोज्याचा हिशेब देतात, आपल्या माणसाच्या रात्रीचाही द्यावा.

रात्र जागवायची तर सराफ्यात भुट्ट्याचा कीस खात जागवू. आजाऱ्याला मात्र झोपू द्या.