मैदानालाही सुट्टी लागते!

मंडळी, पोस्ट थोडी लांब आहे. पण विषय आपल्या मैदानाचा आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

दिवाळी झाली, थंडी पडली, की आपल्या मैदानाचा हंगाम सुरू होतो. आधी ग्राहक मेळावा आणि आकाशपाळणा. मग शाळांचे क्रीडा महोत्सव. मग कुठल्या ना कुठल्या चषकाच्या टेनिस बॉल स्पर्धा. अधेमधे लग्नं, सभा, सप्ताह. मांडव उतरतो तेव्हा मागे काय उरतं? पहारीने पाडलेले खड्डे, मातीत रुतलेले खिळे, जनरेटरच्या गाडीच्या चाकोऱ्या आणि पत्रावळ्या. फार ओरड झाली तर पालिका त्या खड्ड्यांत मुरूम टाकते. झालं मैदान दुरुस्त!

आणि पहाटे पाचला त्याच मैदानावर पोलीस भरतीची पोरं धावत असतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. बापाने उसने पैसे काढून बूट घेऊन दिलेले असतात. भरतीच्या तोंडावर खड्ड्यात पाय मुरगळला की त्या पोराचं अख्खं वर्ष गेलं. त्याची बातमी कुठेच होत नाही.

आता एक वेगळं उदाहरण देतो. हसू नका. उदाहरण गोल्फचं आहे.

स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज नावाचं लहानसं गाव आहे. तिथलं 'ओल्ड कोर्स' हे जगातलं सगळ्यात नावाजलेलं गोल्फ मैदान. आपल्याला वाटतं, असलं मैदान म्हणजे श्रीमंतांचा क्लब, गेटवर वॉचमन. तसं नाही. ही जमीन सार्वजनिक आहे. 1552 च्या सनदेत तिथे खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क नोंदवलेला आहे. 1797 मध्ये नगर परिषदेचं दिवाळं निघालं आणि तिने ही जमीन विकून टाकली. ती सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सशांनी बिळं करून मैदानाची चाळण केली. गावकरी कोर्टात गेले, वर्षानुवर्षे भांडले. 1821 मध्ये एका स्थानिक जमीनदाराने जमीन विकत घेतली आणि खेळ वाचला. आज 1974 च्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट मैदान सांभाळतो. पैशासाठी मैदान भलत्याच्या हातात देणारी परिषद तिकडेही होती, एवढंच सांगायचं होतं.

आता त्यांचा हिवाळा बघा. डिसेंबरात तिथे दिवसाचा उजेड जेमतेम सात तास. गारठ्यात गवताची वाढ जवळपास थांबते. म्हणजे थंडीत झालेली जखम वसंत येईपर्यंत भरत नाही. त्यांचं सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती फिरतं.

आपले पेपर दर हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला दवबिंदू गोठल्याचा फोटो छापतात ना? तसं गोठलेलं गवत तिकडे नेहमीचंच. गोठलेल्या पात्यावर पाय पडला की आतल्या पेशी फुटतात आणि नंतर तिथे काळपट पावलं उमटतात. म्हणून दहिवर पडलं असेल तर ते वितळेपर्यंत खेळ सुरूच करत नाहीत. लांबून पैसे भरून आलेला पाहुणाही ताटकळत उभा राहतो. ओल्ड कोर्सवर नोव्हेंबर ते मार्च या काळात गवतावर छोटी चटई ठेवून तिच्यावरून चेंडू मारायची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली, कारण काठीच्या फटक्याने निघालेलं ढेकूळ थंडीत भरून येत नाही. हिवाळ्यात गवत थोडं उंच ठेवतात, दबलेल्या जमिनीला भोकं पाडून हवा देतात, वाळूच्या खड्ड्यांच्या ढासळलेल्या भिंती हिरवळीचे थर रचून नव्याने बांधतात. आणि रविवारी ओल्ड कोर्स एरवीही खेळासाठी बंद असतो. त्या दिवशी गावकरी तिथे फिरतात, पोरंबाळं बागडतात. टॉम मॉरिस नावाचा तिथला एकोणिसाव्या शतकातला मैदानराखा म्हणायचा म्हणे, तुम्हाला विश्रांती नको असेल, पण मैदानाला हवी आहे.

आता कोणीतरी लिहीलच, "पत्रकार साहेब, इथे नळाला पाणी नाही आणि तुम्ही गोल्फ सांगताय." मान्य. गोल्फ कोर्स मागतोय कोण? मी तिथली अक्कल मागतोय.

आपलं गवत म्हणजे हरळी. शेतकरी जिला शिव्या घालतो, तीच. कितीही खणून काढा, पुन्हा येते. पण हरळी ऊन आणि पाण्यावर वाढणारी. रात्री गार पडल्या की तिची वाढ मंदावते. नेमकं त्याच महिन्यांत आपण तिच्यावर ट्रक चढवतो. पुढे उन्हाळ्यात ऊन भरपूर, पण पाणी नाही. म्हणजे स्कॉटलंडची जखम वसंतात भरते. आपल्या मैदानाची जानेवारीतली जखम मृगाचा पाऊस पडेपर्यंत उघडीच राहते. मधले चार-पाच महिने नुसती धूळ. मुंबईत शिवाजी पार्कच्या रहिवाशांना विचारा, मैदानाची माती उडायला लागली की घरात काय होतं. आपल्याकडे तर मैदानाला लागून शाळा आहे.

दुसरी बाजूही आहे. मैदान भाड्याने दिलं की पालिकेला चार पैसे मिळतात. बचत गटाच्या बायकांचे स्टॉल लागतात, पाळणेवाल्याचं पोट भरतं. गरिबाला लग्नाला हॉल परवडत नाही. म्हणून सगळं बंद करा असं मी म्हणणार नाही. पण जे मैदान कमावतं, त्याच्यावर त्यातलं किती खर्च होतं? गेल्या तीन वर्षांत भाडं किती जमा झालं आणि देखभालीवर किती गेलं, याचा माहिती अधिकारात अर्ज मी दिला आहे. कायद्याने 30 दिवसांत उत्तर यायला हवं. जे येईल ते इथेच टाकेन.

तोवर मागण्या साध्या आहेत. मांडव आणि गाड्या रस्त्याकडच्या मुरमाच्या पट्ट्यातच, हिरवळीवर नाही. आयोजकाकडून अनामत घ्या. खड्डे मातीने बुजवून आणि खिळे वेचून झाल्यावरच परत करा. खड्ड्यात मुरूम नको. पोयटा आणि वाळू भरा, पावसाच्या तोंडावर हरळीच्या काड्या लावा. धावणाऱ्या पोरांसाठी कडेने एक पट्टा राखून ठेवा, तिथे वर्षभर कोणीही खणायचं नाही. मैदानासाठी एक कायमचा माणूस नेमा. आणि आठवड्यातून एक दिवस बुकिंग बंद.

यातल्या कशालाही कोटीचा निधी लागत नाही, मंत्रालयात फाईल जात नाही. पालिकेचा एक ठराव पुरतो. प्रवेशद्वार आणि हायमास्ट दिव्यांच्या उद्घाटनाला आपले सगळे नेते येतात, कारण तिथे नावाची पाटी लागते. गवतावर पाटी लावता येत नाही, हीच अडचण आहे.

तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला ही पोस्ट पाठवा. मैदानावर खिळा, काच, खड्डा दिसला तर फोटो काढून जागेसह कमेंटमध्ये टाका. सगळे फोटो एकत्र करून मी मुख्याधिकाऱ्यांना लेखी निवेदन देणार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी तसं खाली लिहा.