रविवार कोणाचा?

रविवारची सुट्टी कामगारांना कोणी दान म्हणून दिलेली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना उभे केले, मालकांच्या मागे लकडा लावला, तेव्हा कुठे १८९० साली ही सुट्टी पदरात पडली. आज ती आपल्या घरात कोणाच्या वाट्याला येते? पुरुष उशिरा उठतो, पेपर वाचतो, मटण आणून देतो. बाई त्याच दिवशी गोधड्या धुते, डबे घासते, दळण आणते आणि आल्यागेल्याचा चहा करते. तिला सहा दिवसांपेक्षा सातवा जड.

म्हणून ह्या वेळी सभा-संमेलने बाजूला ठेवून नवरा-बायकोच्या सहलीविषयी लिहितो. काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील, हे श्रीमंतांचे चोचले. आपण सहकुटुंब बाहेर पडतो ते लग्नाला, मयताला, नाहीतर सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर. तिथे जावेच. पण दोघांनीच कुठे तरी जाऊन निवांत बसायचे, हे आपल्यात अजून चोरीचे काम वाटते. शेजारीण विचारते, 'पोरांना नाही नेलं?' आमचा मुलगा सतरा वर्षांचा, मुलगी चौदाची. त्या दिवशी दोघांनी मिळून खिचडी केली. मीठ जास्त पडले, एवढेच.

मुंबईकरांना घारापुरीसारखे सोयीचे बेट नाही. गेटवेवरून लाँच सुटते आणि तासाभरात पोचवते. पर्यटकांना तिथे मुक्कामाची परवानगी नाही, म्हणजे लॉजचा खर्च आपोआप वाचला.

आम्ही गेल्या हिवाळ्यात गेलो. आदल्या रात्री हिने पहाटे चारचा गजर लावला. पोळ्या, सुकी भाजी, चटणी, सगळे बरोबर न्यायचे होते. मी गजर बंद केला. 'अहो, बाहेरचं केवढं महाग असतं!' असते. पण चारला उठून दोन माणसांचा डबा आणि घरच्यांचा स्वयंपाक उरकायचा असेल, तर सहल नवऱ्याची झाली. बायकोची ती जादा पाळी. जेवणाचे पैसे महिनाभर आधीपासून बाजूला काढत आलो होतो. बी. कॉम. झालेल्या कारकुनाला एवढे जमलेच पाहिजे.

लाँचमध्ये ही कठड्याशी बसली. गेटवे लहान होत गेला, मोठाली जहाजे जवळून गेली. अर्धा तास एक शब्द बोलली नाही. हात मांडीवर, नुसते ठेवलेले. हातात ना सुई, ना निवडायची भाजी. ते बघायला मिळाले तिथेच माझे तिकीट वसूल झाले.

शंभरावर पायऱ्या चढून लेणी येतात. सदाशिवाची तीन मुखांची मूर्ती वीस फुटांच्या आसपास आहे. मान दुखेपर्यंत पाहावी. शेजारी अर्धनारीश्वराचे शिल्प, अर्धा पुरुष, अर्धी स्त्री. हिने नीट निरखले आणि म्हणाली, 'दगडात बरं अर्धं-अर्धं जमलं यांना!' मी पुढच्या खांबाकडे पाहू लागलो. ह्याच बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या प्राचीन स्तूपाचे अवशेष आहेत, हे मात्र आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. गर्दी शिवाच्या लेण्यावरूनच परत फिरते.

वाटेवर गावच्या बायका काकडी, कैरी, बोरे विकत होत्या. हिची त्यांच्याशी तेव्हाच गट्टी जमली. रात्री समोर मुंबईचा लखलखाट आणि बेटावर जनरेटरचे मोजके तास, असे वर्षानुवर्षे चालले. समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ साली. लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा त्यांचा रविवार सोमवारी. 'मग सोमवारी बसता का निवांत?' हिने विचारले. त्या हसल्या. 'धुणं कोण करील?'

जाणाऱ्यांनी एवढे करावे. सोमवार टाळावा. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास शेवटची लाँच असते, तिची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी. माकडांसमोर पिशवी उघडू नये. डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून ह्याच मार्गावरची लाँच बुडाली आणि माणसे दगावली. तेव्हा लाइफ जॅकेट मागून घ्यावे, अंगात घालून पट्टे आवळावेत. उकडते म्हणून मांडीवर घेऊन बसू नये.